श्रावणातले केस

शालनचं लग्न ठरवायच्या आधी आबा इंगवले दाढी करायला म्हणून खोडदऱ्याला गेले होते. दाढी त्यांनी त्याच सकाळी घरी केली होती. तरीही सोळा किलोमीटर सायकल हाणत ते बजाबा काशिदच्या दुकानात जाऊन बसले, गुळगुळीत गालांना पुन्हा फेस लावून घेतला आणि आरशात बघत बघत सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या गावातला मोहित्यांचा यशवंत कसा काय आहे हो?"

बजाबानं वस्तरा पाण्यात बुडवून झटकला. हा माणूस दाढीला आलेला नाही हे त्याला पहिल्याच हाताला कळलं होतं. तो म्हणाला, "सरळ हाय. खुर्चीत बसला की मान हलवत न्हाय."

आबांना तेवढं पुरलं. घरी येऊन त्यांनी शालनच्या आईला सांगितलं, माणूस साहेबाशी खोटं वागेल, बायकोशी खोटं वागेल, पण गळ्याला वस्तरा लागलेला असताना कोण खोटं वागणार? पुढच्या महिन्यात सुपारी फुटली. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की धाकटी कल्याणी ती झोपेतही म्हणून दाखवू शकली असती.

त्याला वीस वर्षं झाली. आबा गेले. शालन खोडदऱ्यात रुळली, आई थकून तिच्याकडेच राहायला गेली आणि यशवंतदाजी गावालगत झालेल्या शेरेमाळ औद्योगिक वसाहतीत 'सह्यवर्धन धातू' या कंपनीत लागले. विजेच्या गाड्यांची पहिली पिढी तोवर म्हातारी झाली होती. तिच्या बॅटऱ्या फोडायच्या, दळायच्या आणि त्या काळ्या भुकटीतून कोबाल्ट, निकेल, मँगनीज वेगळं काढायचं, हा कंपनीचा धंदा. दाजी दळणाच्या शेडमध्ये होते. त्याच कंपनीत कामगार आरोग्य अधिकाऱ्याची जागा निघाली, दाजींनी साहेबांच्या कानावर मेव्हणीचं नाव घातलं आणि पुण्यात कल्याणीला मुलाखतीचं पत्र आलं. पत्राच्या शेवटी नेहमीची ओळ होती: उमेदवाराने मुळासकट दोन केस द्यावेत.

ती ओळ वाचून कल्याणीला हसू आलं. गेली सात वर्षं ती पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत दुसऱ्यांचे केसच वाचत होती.

माणसाचा केस दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो, महिन्याला एक सेंटिमीटर. मुळाशी मऊ असताना तो रक्तातून येईल ते घेतो आणि वर सरकताना कडक होत जातो, तेव्हा ते सगळं आत कोंडून ठेवतो. दारू, तंबाखू, औषधं, श्वासातून गेलेला धातू, इतकंच काय, काळजीनं आणि जागरणानं अंगात सुटणारं संप्रेरकसुद्धा. पूर्वी हे मोजायला मूठभर केस कुटून सरासरी काढत. मग बारीक लेसरची यंत्रं आली. एकाच केसावरून ती टिंबाटिंबानं जाळत पुढे सरकतात आणि प्रत्येक टिंबाच्या वाफेत काय काय आहे ते वेगवेगळं मोजतात. बाहेरची धूळ आधी धुऊन टाकायची आणि केसाचा गाभा वाचायचा, कारण गाभ्यात येतं ते रक्तातूनच. अशी एकेका दिवसाची नोंद निघते. माणसानं स्वतः कधीही न लिहिलेली रोजनिशीच ती.

या रोजनिशीचा पहिला उपयोग कंपन्यांनी केला यात नवल नाही. नोकरी मागायला आलेल्याच्या डोक्यावरचे दोन केस घेतले की त्याचे गेले महिने, केस लांब असेल तर वर्षंही, समोर. दुसरा उपयोग कायद्यानं करायला लावला. धातूच्या कारखान्यातल्या कामगारांचे केस दर सहा महिन्यांनी वाचलेच पाहिजेत. सरकारी माणूस नमुने घेतो, पाकिटांवर फक्त क्रमांक घालतो आणि चिठ्ठी टाकून निघेल त्या प्रयोगशाळेकडे पाठवतो.

कल्याणीनं मुलाखतीची तयारी सुरू केली. कंपनीची माहिती काढून जावं, असं सगळेच सांगतात. तिनं संकेतस्थळ वाचलं, तिथे हिरवळ आणि हसरे कामगार होते. वर्तमानपत्रं चाळली, तिथे साहेबांचा सत्कार होता. शेवटी तिनं सरकारी नोंदवही उघडली. सह्यवर्धनच्या दळण शेडच्या सहा तपासण्या झालेल्या, सहाही स्वच्छ. मँगनीज तर इतकं कमी की पुण्याच्या बँकेतल्या कारकुनाच्या केसांत त्याहून जास्त सापडावं. अहवालांखालच्या सह्या तिनं बघितल्या आणि ती थबकली. दोन ठिकाणी तिचीच सही होती. पाकिटावर नुसता क्रमांक असल्यामुळे कुणाचे केस आपण वाचतोय हे तिला तेव्हा कळायला मार्ग नव्हता. त्या अहवालांत शेवटच्या, कुणीच न वाचणाऱ्या रकान्यात तिनंच लिहिलं होतं: केसाची लांबी तीन मिलिमीटर.

आठवडाभरानं ती खोडदऱ्याला गेली. दाजी सुट्टीवर होते. गुरुवार म्हणजे वसाहतीची सुट्टी.

"कंपनीची चौकशी कसली करतीस?" दाजी हसले. "मी हाय की चार वर्सं तिथं. दर सहा महिन्याला पंधरा दिवस भरपगारी सुट्टी, मशिनी दुरुस्तीला घेत्यात तवा. हाय का कुठं पुण्यात? आन् साहेब म्हंजी देवमाणूस. श्रावणात जर्मनीची गिऱ्हाइकं आली व्हती, मंगळवार ते शुक्रवार चार दिवस, गुरुवारची सुट्टी बी मोडून. साहेब आमच्या पंगतीला जेवले. त्या चार दिवसांत शेडात काय गार वारं गं! थेट रानात बसल्यावानी."

"एरवी नसतं का वारं?"

"एरवी पंखा बंद. पंख्यानं भुकटी उडून गाळणीत जाती, माल कमी भरतो. आमी बांधतो की फडकं तोंडाला."

शालननं चहा आणला. दाजींनी बशी उचलली आणि बशीतला चहा काठाकडे लवलवायला लागला. त्यांनी दुसरा हात लावला. शालननं बशी त्यांच्या हातातून घेतली, चहा पुन्हा कपात ओतला आणि कप अर्धाच भरून त्यांच्यापुढे ठेवला. हे तिनं इतक्या सराईतपणे केलं की कल्याणी तिच्या मागोमाग उठून आत गेली.

स्वयंपाकघरात तिनं विचारलं, "अक्का, कधीपासून?"

"दसऱ्याच्या आधीपासनं असंल. शर्टाची बटणं बी मीच लावती हल्ली. वय झालं म्हणत्यात. पंचेचाळीस काय वय हाय व्हय गं? आन् चेहरा बघितलास? हसत्यात, पर त्वांड हसतच न्हाय."

बाहेर दाजी उन्हात बसले होते. त्यांच्या डोक्यावर करडे केस होते, गव्हाच्या कापलेल्या रानासारखे, तीन मिलिमीटरचे.

कल्याणी उठली आणि आबांनी केलं तेच तिनं केलं. ती बजाबाच्या दुकानात गेली.

बजाबा आता सत्तरीला टेकला होता, गुडघ्यांनी बेजार होता. इंगवल्यांची धाकटी म्हटल्यावर त्यानं तिला बाकावर बसवलं, खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचं आटोपलं आणि दार ओढून घेतलं.

"बजाबाकाका, मी त्या कंपनीत लागू का?" तिनं सरळच विचारलं.

"मला काय इचारतीस? मी केस कापनारा मानूस."

"आबांनीही तुम्हालाच विचारलं होतं."

हातातलं मशीन म्हाताऱ्यानं फडक्यानं पुसलं, पुसून झालं तरी पुसत राहिला.

"तुज्या आबास्नी मी सांगितलं व्हतं, यशवंता मान हलवत न्हाय. आता त्याची मान थांबत न्हाय, पोरी. माज्या हाताखाली हलती. मागल्या आखाडापासनं मी त्येला वस्तरा लावायचा सोडलाय. नुस्तं मशीन फिरवतो. आन् तो एकलाच न्हाय."

"शेडातल्या सगळ्यांचे केस इतके बारीक का?"

"कंपनीचा नियम हाय. एक नंबरचं मशीन, दर पंधरवड्याला. टोपी नीट बसती, भुकटी अडकत न्हाय म्हनत्यात. एक्केचाळीस मानसं. कंपनीनं मलाच नेमलंय."

कल्याणीनं मनातल्या मनात हिशेब मांडला. तीन मिलिमीटर म्हणजे नऊ दिवस. कातडीखालून वर यायला केसाला आणखी पाच-सहा दिवस लागतात. म्हणजे त्या डोक्यांवर फक्त मागच्या पंधरा दिवसांची गोष्ट उरत होती. आणि पंधरा दिवस भरपगारी सुट्टी दिल्यावर सोळाव्या दिवशी तपासणी ठेवली, की त्या गोष्टीत स्वच्छ हवेशिवाय काहीच सापडणार नाही. ज्यानं हे बसवलं त्याला केसवाचन तिच्याइतकंच चांगलं येत होतं. तिनं मात्र सात वर्षं लांबीचा रकाना भरूनही कधी डोकं चालवलं नव्हतं, याची तिला मनापासून लाज वाटली.

"काका, कापलेल्या केसांचं काय करता?"

"व्यापारी येतो पोती न्यायला. औषधाच्या कारखान्यात जात्यात."

"म्हणजे काहीच उरत नाही."

बजाबानं मान वर केली. भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी खुंटीला एक कापडी पिशवी लटकत होती. "श्रावनातलं हाय की," तो म्हणाला.

शेडातली सव्वीस माणसं श्रावण पाळणारी. महिनाभर डोक्याला कात्री नाही की गालाला वस्तरा नाही. साहेबांनी सूट दिली होती. धर्माच्या गोष्टीत कोण आडवं येणार? आषाढातल्या अवसेच्या आदल्या दिवशी सगळे एक नंबरचं मशीन फिरवून गेले, ते थेट पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गणपतीच्या आत, पुन्हा येऊन बसले. आणि बजाबाच्या घरात रीत होती की श्रावण पाळलेल्या माणसाचे केस बाजारात मांडायचे नाहीत. ते नदीला सोडायचे. बाप सोडायचा, आजा सोडायचा. यंदा गुडघ्यांमुळे नदीचा उतार उतरणं झालं नाही, म्हणून पिशवी खुंटीलाच राहिली होती.

"ती मला देता?"

म्हाताऱ्यानं पिशवी खुंटीवरून काढली. "नदीला द्यायची हाय ती," तो म्हणाला. "पर त्यात यशवंताचं बी हायेत. ने. काम झालं की आनून दे."

रविवारी दुपारी प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. कल्याणीनं पिशवीतून तीस केस निवडले, धुतले, काचेवर चिकटवले. केसाच्या खवल्यांवरून मूळ कुठलं आणि टोक कुठलं ते ठरवलं. एरवी न्हाव्याच्या दुकानातला केस वाचता येत नाही, कारण तो कुठल्या दिवशी सुरू झाला ते ठाऊक नसतं. या केसांचा प्रश्नच नव्हता. अवसेचा आदला दिवस आणि पोळ्याचा दुसरा दिवस, दोन्ही कापण्यांच्या तारखा पक्क्या; प्रत्येकीतून ते पंधरा दिवस वजा केले की झालं. महिनाभराचा इतका नेमका केस तिनं आजवर पाहिला नव्हता.

पडद्यावर रेघ उमटायला लागली. मँगनीज पहिल्याच दिवसापासून चढलेलं होतं, कायद्यानं घातलेल्या मर्यादेच्या नऊपट. गुरुवारी थोडं उतरायचं, शुक्रवारी पुन्हा चढायचं. मग तिसऱ्या आठवड्यात रेघ खाली आली ती मंगळवारी आली आणि शुक्रवारपर्यंत खालीच राहिली. चार दिवस. जर्मनीची गिऱ्हाइकं, पंगत, शेडातलं गार वारं. शनिवारी रेघ पुन्हा वर गेली.

तिनं दुसरा केस लावला, तिसरा लावला. तिसाव्यापर्यंत तेच. त्यातले दाजींचे कुठले हे कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक केसात तोच चार दिवसांचा खड्डा होता. पंखा होता, तो उत्तम चालत होता, आणि तो समजून उमजून बंद ठेवला जात होता. मँगनीज हळूहळू मेंदूत साठतं. आधी हात थरथरतात, मग चेहरा गोठतो, मग चाल जाते. गेलेलं परत येत नाही. वेळीच हवा बदलली तर आजार आहे तिथे थांबतो, एवढंच. कल्याणी खुर्चीत बसून रडली. मग तिनं डोळे पुसले, तीसही अहवाल छापून घेतले आणि ठरवलं की ही नोकरी मिळवायचीच. आत शिरायचं, अधिकारी म्हणून पंखा सुरू करायला लावायचा. गाजावाजा नको, दाजींचा शब्द पडायला नको, कुणाची चूल विझायला नको. दाजींना तिनं फोन केला नाही. शालननं केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "येते गं शनिवारी मुलाखतीला."

ते तेरा दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

मुलाखत कारखानीस साहेबांनीच घेतली. साठीचा, मृदू बोलणारा माणूस, डोक्यावर दाट रुपेरी केस मागे वळवलेले. सकाळीच दिलेल्या तिच्या दोन केसांचा अहवाल त्यांच्यापुढे होता. तिची वेणी कमरेपर्यंत होती, त्यामुळे वाचायला त्यांना भरपूर होतं.

"व्यसन नाही. प्रकृती उत्तम," ते म्हणाले. "अडीच वर्षांपूर्वी घरात कोणी गेलं का?"

"वडील."

"हं. दीड महिना लागला तुम्हाला सावरायला. ते चांगलंच आहे, माणूस माणसासारखा असावा." त्यांनी पान उलटलं. "आता हे बघा. सगळं शांत आहे आणि अचानक तेरा दिवसांपासून झोप नाही, ताण तिप्पट. तेरा दिवसांपूर्वी काय झालं, मिस इंगवले?"

सात वर्षं तिनं हे दुसऱ्यांचं केलं होतं. आपली भीती परक्या माणसाच्या टेबलावर पडलेली असली की कसं वाटतं, ते तिला आज कळलं.

"केस वाचत होते," ती म्हणाली.

"कुणाचे?"

"घरातल्या माणसाचे."

कारखानीस खुर्चीत मागे टेकले. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. "यशवंत मोहिते तुमचे मेव्हणे. त्यांनी श्रावण पाळला होता, बरोबर?" त्यांना सगळं कळलं होतं, आणि इतक्या लवकर कळलं होतं की हा विचार त्यांच्या मनात आधीही येऊन गेला असणार. "मी मनाई करायला हवी होती. पण माझी आईसुद्धा श्रावण पाळायची, मला जमलं नाही. हे बघा, तीनशे घरं चालतात या कंपनीवर. पंखा कायम चालवला तर परदेशी माल आपल्यापेक्षा स्वस्त पडतो आणि वर्षात कुलूप लागतं. तुम्ही हुशार आहात, तुमच्यासारखं माणूस मला आत हवं आहे. जागा तुमचीच. आणि मोहित्यांना आजपासून स्टोअरला घेतो. बसून काम, पगार तोच. भुकटीचा कणही नाही. त्यांचा आजार आहे तिथेच थांबेल."

हेच तर तिला हवं होतं. शालनचा संसार, आईची सोय, दाजींचे हात, सगळं एका सहीत. तिच्या डोळ्यांपुढे अर्धा भरलेला कप आला. क्षणभर तिनं मनातल्या मनात होकार देऊनही टाकला, ही गोष्ट तिनं पुढे कुणापासून लपवली नाही.

"आणि बाकीचे चाळीस?" तिनं विचारलं.

"त्यांच्या तपासण्या स्वच्छ आहेत. यापुढे त्या अहवालांवर कंपनीतर्फे तुमची सही असेल."

बाहेर पाळी बदलल्याचा भोंगा झाला. कारखानीसांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"हो," ती म्हणाली. "मी दोन केस दिले. तुम्ही मला एक द्याल?"

"म्हणजे?"

"तुमचे केस चांगले लांब आहेत, सहा महिने सहज निघतील. तेवढ्यात तुम्ही शेडमध्ये किती दिवस थांबलात ते कळेल. ज्यांच्याकडे नोकरी करायची त्यांची चौकशी करावी, असं माझे वडील म्हणायचे."

कारखानीसांचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि तिथेच राहिला. त्यांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. केस त्यांनी दिला नाही.

कल्याणी उठली, नमस्कार केला आणि बाहेर आली.

तपासणी निरीक्षकाला नुसते पिशवीतले केस दाखवून भागणार नव्हतं. न्हाव्याच्या दुकानातला कचरा म्हणून कुणीही ते उडवून लावलं असतं. कायद्याला हवा होता डोक्यावरचा केस, सरकारी माणसानं स्वतः घेतलेला. पुढची तपासणी फाल्गुनात होती. म्हणून गुरुवारी, मशीन फिरवायच्या दिवशी, ती बजाबाच्या दुकानात जाऊन उभी राहिली. बाकावर, पायरीवर, रस्त्याच्या कडेला शेडातली माणसं बसली होती. पहिला नंबर दाजींचा. ते खुर्चीत बसले होते आणि बजाबा त्यांच्या गळ्याभोवती पांढरं फडकं बांधत होता.

तिनं सगळ्यांना सांगितलं. पंधरा दिवसांच्या सुट्टीचं सांगितलं, एक नंबरच्या मशीनचं सांगितलं आणि श्रावणातल्या त्या चार दिवसांचा खड्डा कागदावर दाखवला. स्टोअरच्या जागेचंही सांगितलं.

दाजी आरशातून तिच्याकडे बघत होते. "माज्या शब्दावर तुला बोलावलं," ते म्हणाले. "माज्या साहेबाच्या तोंडावर तू असं बोलून आलीस? मला न इचारता माजं केस वाचलंस?"

"चुकलं माझं, दाजी. आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. भ्याले मी."

"स्टोअरला घेनार व्हते मला?"

"हो. अजूनही घेतील. तुम्ही जाऊन हो म्हणा. मी तुम्हाला काही म्हणणार नाही, अक्का तर नाहीच."

दाजींनी फडक्याखालून हात बाहेर काढले आणि मांडीवर ठेवले. ते हात आपल्या मनानं हलत होते. बाकावरून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "माजं बी असंच हुतंय, यशवंतदा. मी घरात बोललो न्हाय."

बजाबानं मशीन सुरू केलं. ते गुरगुरत दाजींच्या मानेपाशी आलं.

"बजाबा, मशीन बंद कर," दाजी म्हणाले. त्यांनी गळ्याची गाठ सोडायचा प्रयत्न केला. बोटांना ती सुटेना, तेव्हा बजाबानं पुढे होऊन सोडली. दाजी खुर्चीतून उठले. "माजा श्रावन अजून सुटला न्हाय. नवस बोललोय म्हनून सांग साहेबाला."

मग दुसरा नंबर होता त्यानं खुर्चीकडे बघितलं आणि टोपी डोक्यावर घातली. एक्केचाळीस माणसांपैकी त्या दिवशी चौदा तसेच माघारी गेले. पुढच्या पंधरवड्याला तीस. कंपनीनं नोटिसा लावल्या, मुकादमानं दम भरला, दोघांना आठ दिवस घरी बसवलं. नवस आहे, एवढंच उत्तर सगळ्यांनी दिलं. श्रावणाला ज्यांनी स्वतः सूट दिली होती, त्यांना नवसाला नाही म्हणणं जड गेलं. दाजी स्टोअरला गेले नाहीत. शालन आठवडाभर कल्याणीशी बोलली नाही, आणि कल्याणीनं तिला त्याबद्दल कधी बोल लावला नाही.

फाल्गुनात सरकारी माणूस आला. पंधरा दिवसांची सुट्टी देऊन झाली होती, नेहमीप्रमाणे. पण या वेळी बहुतेक डोक्यांवर तीन-तीन सेंटिमीटर केस होते, त्यात सगळा पौष होता आणि सगळा माघ होता.

चिठ्ठी कुठल्या प्रयोगशाळेची निघेल याची कल्याणीला कल्पना नव्हती. तिच्या टेबलावर एक्केचाळीस पाकिटं आली तेव्हा त्यांवर नुसते क्रमांक होते. तिनं पहिलं पाकीट उघडलं, करडा केस काचेवर ठेवला आणि लांबी मोजून तो शेवटचा रकाना आधी भरला. आपला नात्याचा माणूस त्यात असू शकतो, असं तिनं वरिष्ठांना लेखी कळवलं. प्रत्येक केस सहकाऱ्याकडून पुन्हा वाचून घेतला आणि मग सही केली. एक्केचाळीस सह्या. शेवटच्या सहीपर्यंत हात दुखायला लागला होता.

शेडला सील लागलं. पंखा कायम चालेल अशी मांडणी झाल्याशिवाय ते निघणार नव्हतं. डॉक्टरांनी दाजींना तपासून सांगितलं की थरथर आहे तेवढीच राहील, वाढणार नाही आणि कमीही होणार नाही. ही बातमी शालननं स्वतः फोन करून सांगितली. बोलता बोलता ती रडली आणि मग विचारलं, "जेवलीस का?"

कल्याणीनं दुसरा फोन बजाबाला लावला.

"काका, पिशवी पाठवते उद्या. नदीला सोडायची राहिली आहे ना?"

"मीच जातो घिऊन. यशवंता म्हनतोय, धरून नेतो तुमाला."

"दाजींचे केस किती वाढलेत?"

"कानावर आलेत. आत्ता हितंच बसलाय खुर्चीत. शालन रागावती म्हनतोय."

"कापा आता, काका," ती म्हणाली. "आता कापले तरी चालतील."

पलीकडे फडकं झटकल्याचा आवाज आला. मग म्हातारा हळूच, खुर्चीतल्या माणसाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, "कापतो की. पर वस्तरा न्हाय लावत, पोरी. मशीनच लावतो."